पहिल्या बाळंतपणातली चूक, दुसऱ्या बाळाला शिक्षा

ज्या घरात मूल टिकत नसे, त्या घरात पुढच्या बाळाचे नाव धोंडू, दगडू किंवा केरू ठेवण्याची रीत महाराष्ट्रात होती. दृष्ट लागू नये, मृत्यूने त्या बाळाकडे वळूनही पाहू नये, एवढीच आई-वडिलांची इच्छा. मुले दगावण्याची कारणे तेव्हा पुष्कळ होती. पण काही घरांतल्या कथा एकाच साच्याच्या असत. पहिले मूल ठणठणीत, दुसरे जन्मताच पिवळे पडून गेले, तिसरे तर पोटातच गेले. दोष बाईच्या पायगुणावर, ग्रहांवर किंवा कुणाच्या तरी नजरेवर जाई. पहिले वाचते आणि पुढची एकामागून एक जातात, या साच्यामागे काही घरांत तरी आईच्या आणि बाळाच्या रक्तगटांमधली विसंगती होती.

हे कारण १९४० च्या सुमारास उलगडले आणि ते टाळणारे इंजेक्शन १९६८ पासून बाजारात आहे. म्हणजे या आजाराने बाळ गमावण्याचे कारण अर्धशतकापूर्वीच संपायला हवे होते. प्रत्यक्षात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, जगात ज्या स्त्रियांना या इंजेक्शनची गरज असते त्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांना ते मिळतच नाही. २०२४ मध्ये अमेरिकेसारख्या देशातही त्याचा तुटवडा जाणवला. हा आजार म्हणूनच आता वैद्यकशास्त्रापुढचे कोडे उरलेला नाही. प्रश्न आहे तो व्यवस्थेचा, नोंदींचा आणि वेळेवर मिळणाऱ्या एका कुपीचा.

रक्तात नेमके काय घडते?

ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट सर्वांना ठाऊक असतात. त्यापुढे लावलेले ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ हे आरएच गटाचे चिन्ह. तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचा प्रतिजन असेल तर रक्त पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातले सुमारे पंधरा जण निगेटिव्ह असतात, चीनमध्ये एकाहून कमी, तर भारतात सुमारे पाच. पाच हा आकडा लहान वाटतो. पण देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्या हिशेबाने दहा लाखांहून अधिक गरोदर स्त्रिया निगेटिव्ह असतात आणि त्यांतल्या बहुतेकींचे पती पॉझिटिव्ह असतात.

आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. गरोदरपणात आई आणि बाळ यांचे रक्त वारेमुळे वेगळे राहते. पण प्रसूतीच्या वेळी, गर्भपातात किंवा पोटाला मार लागल्यास बाळाचे थोडे रक्त आईच्या शरीरात शिरते. आईच्या शरीराला ‘डी’ प्रतिजन परका असतो. त्याच्याविरुद्ध ते प्रतिपिंडे तयार करते. ही प्रक्रिया सावकाश होते, तोवर पहिले बाळ जन्मलेले असते. म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते.

संकट पुढच्या गर्भारपणात येते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे आता तयार असतात, आणि त्यांतली ‘आयजीजी’ प्रकारची प्रतिपिंडे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ती त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला रक्तक्षय होतो. तो तीव्र झाला तर हृदयावर ताण येतो, अंगात पाणी साठते आणि बाळ पोटातच दगावू शकते. जन्मानंतरचा धोका वेगळा. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. गर्भात असताना ते आईचे शरीर बाहेर टाकते. नाळ कापल्यावर ते काम बाळाच्या कोवळ्या यकृतावर येते आणि त्याला ते झेपत नाही. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. त्यातून वाचलेले मूल कायमचे बहिरे होऊ शकते किंवा सेरेब्रल पाल्सीसारखे अपंगत्व घेऊन जगते.

पुढची सगळी गोष्ट एका मुद्द्यावर उभी आहे. ही प्रतिपिंडे एकदा तयार झाली की शरीर त्यांची आठवण विसरत नाही. त्यानंतर प्रतिबंधक इंजेक्शनचा काहीही उपयोग नसतो.

उपाय कसा सापडला?

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हाइन आणि रुफस स्टेटसन या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे बाळ पोटात दगावले होते. तिला पतीचे रक्त दिले गेले, ते नेहमीच्या चाचणीनुसार जुळणारे होते, तरी तिला तीव्र प्रतिक्रिया आली. तिच्या रक्तात असे काहीतरी होते, जे बाळाच्या वडिलांकडून आलेल्या गुणाविरुद्ध तयार झाले होते. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हिसस माकडांवरील प्रयोगांतून आरएच गटाचे वर्णन केले. १९४५ मध्ये केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी अशी प्रतिपिंडे ओळखण्याची चाचणी दिली. गरोदर स्त्रीच्या कागदावर आजही ‘आयसीटी’ असे लिहिलेले असते, ती हीच इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी.

कारण कळले तरी दोन दशके डॉक्टरांच्या हाती होता तो जन्मलेल्या बाळाचे रक्त बदलण्याचा उपाय. न्यूझीलंडचे विल्यम लिली यांनी १९६३ मध्ये पोटातल्या बाळाला रक्त देऊन दाखवले. पण आजार मुळात होऊच नये, यासाठीचा धागा निसर्गानेच दिला होता. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असेल, तर आरएचचा त्रास तुलनेने कमी आढळतो, हे लेव्हाइन यांच्या लक्षात आले होते. कारण साधे होते. ओ गटाच्या आईकडे ए आणि बी विरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. बाळाच्या पेशी तिच्या रक्तात शिरताच ती त्यांना नष्ट करतात, आणि ‘डी’ची ओळख पटायला शरीराला वेळच मिळत नाही.

मग हेच काम बाहेरून का करू नये? लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड फिन आणि सिरिल क्लार्क, तर न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोरमन आणि विल्यम पोलॅक हे स्वतंत्रपणे याच उत्तरापाशी पोहोचले. आईचे शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करण्याआधीच तिला तयार अ‍ॅन्टी-डी टोचायचे. बाळाच्या पेशी निकालात निघतात आणि टोचलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत विरून जातात. न्यूयॉर्कच्या गटाने सिंग सिंग तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर चाचण्या घेतल्या. १९६४ च्या जानेवारीअखेर गोरमन यांच्या भावजयीला, तिच्या प्रसूतीनंतर, हे इंजेक्शन दिले गेले. १९६८ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९६९ पूर्वी इंग्लंड आणि वेल्समध्ये दर लाख जन्मांमागे ४६ बाळे या आजाराने दगावत. १९९० पर्यंत हे प्रमाण १.६ वर आले. इंजेक्शन दिले नाही तर, आणि बाळ पॉझिटिव्ह असून एबीओ गट जुळत असेल तर, शंभरातल्या सुमारे १६ मातांमध्ये प्रतिपिंडे तयार होतात. प्रसूतीनंतर ७२ तासांत एक डोस दिला की हे प्रमाण एक ते दोनवर येते. सातव्या महिन्यात, म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक डोस दिला तर ते हजारात एक ते तीन इतके उरते.

साखळी कुठे तुटते?

एवढा खात्रीचा उपाय असताना निम्म्या स्त्रिया त्यापासून वंचित का राहतात? उत्तर या आजाराच्या स्वभावात आहे. चूक पहिल्या गर्भारपणात होते आणि ती दिसते दुसऱ्या गर्भारपणात. मधे दोन-तीन वर्षे गेलेली असतात. डॉक्टर बदललेले असतात, रुग्णालय बदललेले असते, कित्येकदा गावही बदललेले असते. ज्या प्रसूतिगृहात इंजेक्शन राहून गेले, तिथून आई आणि बाळ हसतमुखाने घरी गेलेले असतात. आपल्याकडून काही निसटले, हे तिथल्या कुणालाही कधी कळत नाही. जिथे चूक कळत नाही तिथे ती सुधारतही नाही.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. तपासण्या सासरी सुरू होतात, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, आणि नेमका अठ्ठाविसाव्या आठवड्याचा डोस या प्रवासात हरवतो. सासरच्या डॉक्टरांना वाटते तो तिकडे दिला जाईल, माहेरच्या डॉक्टरांना वाटते तो आधीच दिला असेल. दुसरे बाळंतपण सासरी किंवा शहरात होते. तेव्हा पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात असते. ‘पहिल्या वेळी इंजेक्शन घेतले होते का?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा मिळणारे उत्तर ‘बरीच इंजेक्शने दिली होती’ एवढेच असते.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत ही अडचण आणखी तीव्र होते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एका कोयत्यामागे नवरा-बायको अशी जोडी असते, आणि त्या बायकांत गरोदर स्त्रियाही असतात. गावातल्या आशा सेविकेला त्यांची नोंद ठाऊक असते. कारखान्याच्या तळावर ती ओळख नसते. हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने जातात. त्या काळात सातवा महिना येऊन जातो आणि कधी प्रसूतीही होऊन जाते.

सर्वांत जास्त निसटते ते गर्भपातात. बाळाचे रक्त आईच्या शरीरात शिरायला पूर्ण दिवसांची प्रसूतीच हवी असे नाही. नैसर्गिक गर्भपात, करवून घेतलेला गर्भपात, गर्भनलिकेतला गर्भ, गर्भजलाची तपासणी, अपघातात पोटाला बसलेला मार, या प्रत्येक प्रसंगी ती शक्यता असते. ‘दोन महिन्यांचे होते, पडले’ असे म्हणून घरातल्या घरात विसरल्या जाणाऱ्या गर्भारपणाची नोंद कुठेच होत नाही. गर्भ फार लहान असताना हा धोका किती, याविषयी अलीकडे मत बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बारा आठवड्यांपूर्वीच्या गर्भपातासाठी अ‍ॅन्टी-डी देण्याची गरज नसल्याचे म्हटले. भारतात मात्र अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ सावधगिरी म्हणून ते देणे पसंत करतात. बारा आठवड्यांनंतर मात्र दुमत नाही. डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून गर्भपात करणाऱ्या स्त्रीला स्वतःचा रक्तगटही ठाऊक नसतो आणि नेमके किती आठवडे झाले हेही माहीत नसते. खरी भीती तिथे आहे.

यात पैशाचा प्रश्नही येतो. खासगी रुग्णालयात या कुपीची किंमत काही हजार रुपये पडते. ७२ तासांच्या मुदतीत ते पैसे उभे करणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते. सरकारी रुग्णालयांत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गरोदर स्त्रीला तपासण्या, औषधे आणि रक्त मोफत मिळणे अपेक्षित आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणीही होते. योजना कागदावर पुरेशी आहे. पण अ‍ॅन्टी-डी थंड साखळीत, म्हणजे सतत शीतकपाटात ठेवावे लागते आणि लहान केंद्रात महिन्याकाठी एखाद्-दुसरीलाच लागते. क्वचित लागणाऱ्या औषधाचा साठा ठेवण्यात कुणालाच घाई नसते. गरज उभी राहते तेव्हा शुक्रवारची रात्र असते, आणि कुपी जिल्ह्याच्या गावाहून आणायची असते.

ओ गटाची आई

आरएचच्या चर्चेत दुसरी, कितीतरी अधिक आढळणारी विसंगती मागे पडते. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. इथे पहिल्या बाळालाही त्रास होऊ शकतो, कारण आईकडे ए आणि बी विरोधी प्रतिपिंडे जन्मापासूनच्या आयुष्यात आपोआप तयार झालेली असतात. सुदैवाने हा त्रास बहुधा सौम्य असतो. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी प्रतिजन पुरते विकसित झालेले नसतात, आणि शरीरातल्या इतर पेशींवरही ते असल्याने प्रतिपिंडांचा मारा विभागला जातो. पोटातच बाळ दगावण्याइतकी वेळ फार क्वचित येते.

जन्मानंतरची कावीळ मात्र गंभीर होऊ शकते, आणि तिच्यासाठी कोणतेही प्रतिबंधक इंजेक्शन नाही. वेळेवर ओळखणे हाच उपाय. इथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. सुरळीत प्रसूती झालेल्या स्त्रीला आता एक-दोन दिवसांतच घरी सोडले जाते. नवजात बाळाची कावीळ मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान शिगेला पोहोचते. म्हणजे बाळ सर्वांत जास्त पिवळे असते तेव्हा ते घरी असते, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, कपड्यांत गुंडाळलेले. ‘सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. बहुतेक बाळांची कावीळ खरोखरच आपोआप उतरते. पण जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ नेहमीची मानायची नसते. रक्तगटांची विसंगती असेल तर बिलिरुबिन तासांच्या हिशेबाने चढते. सावळ्या कांतीच्या बाळात केवळ पाहून अंदाज घेणे कठीण जाते. तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, बाळ दूध ओढेनासे झाले, फार झोपाळू झाले किंवा किरकिर करत अंग ताठ करू लागले, तर उन्हाची वाट पाहण्यात मेंदू गमावण्याचा धोका असतो.

‘बाळाला पेटीत ठेवले’ असे आपण म्हणतो, ती फोटोथेरपी म्हणजे निळ्या प्रकाशाचा उपचार. तो त्वचेतल्या बिलिरुबिनचे रूप असे बदलतो की शरीर ते सहज बाहेर टाकू शकते. ऊनही काही प्रमाणात हेच करते. पण त्याची मात्रा मोजता येत नाही आणि उघड्या बाळाला ते सोसत नाही. वेळेवर पेटीत ठेवलेल्या बहुतेक बाळांना रक्तबदलाची गरजच पडत नाही.

प्रतिपिंडे आधीच तयार झाली असतील तर

इंजेक्शनची वेळ निघून गेलेल्या स्त्रीसाठी सारे संपले असे आता राहिलेले नाही. तिच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण ठरावीक काळाने मोजले जाते. ते धोक्याच्या पातळीवर गेले तर डॉप्लर सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूतील एका रक्तवाहिनीतल्या प्रवाहाचा वेग पाहतात. रक्त पातळ झाले की ते वेगाने वाहते. त्यावरून पोटात सुई न घालताही रक्तक्षय ओळखता येतो. गरज भासल्यास नाळेतल्या शिरेतून बाळाला रक्त दिले जाते. ही कौशल्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या मोजक्या तज्ज्ञांकडे होते. अनुभवी हातांत बहुसंख्य बाळे वाचतात. पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुटुंबाला त्यासाठी महिनोन् महिने शहरात राहणे परवडत नाही.

औषधाच्या रूपातही एक शक्यता पुढे आली आहे. आईची प्रतिपिंडे वार ओलांडतात ती एका विशिष्ट वाहक रेणूच्या आधाराने. तो वाहकच अडवणाऱ्या निपोकॅलिमॅब या औषधाच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या गर्भारपणात या आजाराने फार मोठा फटका बसलेल्या १३ स्त्रियांपैकी सात जणींची बाळे, पोटात रक्त न देता, ३२ आठवडे किंवा त्यापुढे जिवंत जन्मली. चाचणी लहान आहे आणि मोठ्या चाचणीशिवाय निर्णय देता येणार नाही. शिवाय असे औषध स्वस्त असण्याची शक्यता कमी. काही हजारांची एक कुपी चुकवून लाखोंच्या उपचाराकडे जाणे, हा हिशेब कोणत्याही बाजूने पाहिला तरी तोट्याचाच.

दात्यांच्या हातावर उभे औषध

फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचे वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत इतरांच्या रक्तावर वाचलेल्या या माणसाने पुढे १,१७३ वेळा रक्त आणि रक्तद्रव दिले. त्यांच्या रक्तद्रवात अ‍ॅन्टी-डी प्रतिपिंडे होती, आणि त्यातून झालेल्या इंजेक्शनांचा सुमारे २४ लाख बाळांना लाभ झाला असे मानले जाते. त्यांच्या निधनाच्या बातम्यांत कौतुक पुष्कळ होते. पण त्यामागची अडचणीची गोष्ट क्वचितच सांगितली गेली. हे औषध आजही बहुतांशी माणसांच्या रक्तद्रवातून काढले जाते. पूर्वी ते ज्या स्त्रियांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली होती त्यांच्याकडून मिळे. औषध यशस्वी झाले, तशा अशा स्त्रिया कमी होत गेल्या. म्हणजे आजार जितका आटोक्यात येतो, तितका त्याच्या औषधाचा कच्चा माल आटतो.

रक्तद्रवातून येणाऱ्या औषधाला दुसराही धोका असतो. १९७७-७८ मध्ये आयर्लंडमध्ये दिलेल्या दूषित अ‍ॅन्टी-डीमुळे शेकडो स्त्रियांना हेपटायटिस सी झाला, आणि हे उघड व्हायला १९९४ साल उजाडले. आजच्या शुद्धीकरणाने तो धोका अतिशय कमी केला आहे. तरीही दात्याशिवाय, प्रयोगशाळेतल्या पेशींकडून तयार करून घेतलेले अ‍ॅन्टी-डी हे पुढचे पाऊल मानले जाते. त्यात भारत मागे नाही. मुंबईच्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीने असे औषध विकसित करून बाजारात आणले आहे. परदेशातल्या तुटवड्यावर भारताला अवलंबून राहावे लागू नये, एवढी क्षमता इथे आहे. ती तालुक्याच्या शीतकपाटापर्यंत पोहोचायला हवी.

पत्रिका आणि रक्तगट

या विषयाभोवतीच्या गैरसमजांची किंमतही स्त्रियाच मोजतात. लग्नाच्या बायोडाटात आता रक्तगटाचा रकाना असतो. ‘दोघांचा रक्तगट एकच असेल तर लग्न करू नये’ हा समज सर्रास आढळतो. त्याला कोणताही आधार नाही. उलट गट सारखा असेल तर आई आणि बाळ यांच्यात विसंगतीची शक्यता कमीच होते. पत्रिकेतल्या एकनाडीला रक्तगटाचे ‘वैज्ञानिक’ स्पष्टीकरण चिकटवण्याचीही टूम आहे. नाडी ठरते ती जन्मनक्षत्रावरून, रक्तगट ठरतो तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवरून. या दोहोंचा काहीही संबंध नाही.

निगेटिव्ह रक्तगट म्हणून मुलगी नाकारणे तर निव्वळ अन्याय आहे. निगेटिव्ह असणे हा आजार नाही, उणीवही नाही. पती निगेटिव्ह असेल तर आरएचचा प्रश्नच येत नाही. तो पॉझिटिव्ह असेल तर लागतात ती ठरल्या वेळची इंजेक्शने. आई पॉझिटिव्ह आणि वडील निगेटिव्ह असतील तरी ‘डी’मुळे काही होत नाही. मात्र पॉझिटिव्ह आईनेही पूर्ण निर्धास्त राहू नये. ‘डी’खेरीज ‘सी’, ‘ई’, ‘केल’ अशा इतर प्रतिजनांविरुद्धही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पूर्वी रक्त चढवलेले असेल किंवा आधीचे बाळ तीव्र काविळीने आजारी पडले असेल, तर पॉझिटिव्ह आईचीही प्रतिपिंडांची तपासणी होणे योग्य. या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. ‘बॉम्बे रक्तगट’ १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला, आणि परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ पासून रक्तगटांची संदर्भ प्रयोगशाळा आहे. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था तिच्यातूनच घडली.

काय करता येईल?

युरोपात नेदरलँड्स, डेन्मार्कसारखे देश एक पाऊल पुढे गेले आहेत. तिथे निगेटिव्ह आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएवरून बाळाचा गट आधीच ओळखतात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तरच इंजेक्शन देतात. भारताला आज त्याआधीची पायरी पक्की करायची आहे, आणि तिला महागडे तंत्र लागत नाही. पहिल्याच तपासणीत रक्तगट पाहणे, निगेटिव्ह असल्यास पतीचा गट आणि आयसीटी करणे, अठ्ठाविसाव्या आठवड्याची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिणे, प्रसूतीच्या वेळी नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासणे आणि ७२ तास उलटण्याआधी कुपी टोचणे. मुदत हुकली तरी ‘आता उपयोग नाही’ म्हणून सोडून देऊ नये, दहा दिवसांपर्यंत दिलेल्या डोसानेही काही संरक्षण मिळू शकते.

याला एका आकड्याची जोड हवी. आपल्याकडे प्रसूत झालेल्या किती निगेटिव्ह मातांची बाळे पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यांतल्या किती जणींना मुदतीत इंजेक्शन मिळाले, एवढे दोनच आकडे प्रत्येक प्रसूतिगृहाने, सरकारी असो वा खासगी, दर महिन्याला काढले तर आज अदृश्य असलेली चूक दिसू लागेल. डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅन्टी-डी दिले: तारीख, वेळ, मात्रा’ अशी एक ओळ छापली तर दोन वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही.

कुटुंबाकडून लागते ते आणखी थोडे. मुलीचा रक्तगट लग्न जुळवण्यापुरता न विचारता तिला स्वतःला माहीत असावा. निगेटिव्ह असेल तर माहेरी जाताना पिशवीत कपड्यांआधी फाइल जावी. गर्भपात झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. ओ गटाच्या आईचे बाळ घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला पुन्हा दाखवून आणावे. आणि प्रसूतीनंतर, पेढे वाटण्याच्या गडबडीत, कुणीतरी एकाने डॉक्टरांना विचारावे की बाळाचा रक्तगट कोणता निघाला आणि आईचे इंजेक्शन झाले का. त्या प्रश्नाचा फायदा पाळण्यातल्या बाळाला होणार नाही, तो त्याच्या पाठच्या भावंडाला होईल.